टिटवीची राखण

पृथ्वीला आपल्या पूर्वजांनी जी अनेक नावे दिली, त्यांत ‘क्षमा’ हे एक आहे. खणणाऱ्याच्याच हाती ती कंद देते. ज्याच्या नांगराने तिचे अंग चिरले, त्याच्याच घरी ती धान्याची रास घालते. धामणसड्याच्या सत्यवती परबिणीने हे नाव कधी ऐकले नव्हते, आणि ऐकले असते तरी तिला ते पटले नसते. दहा वर्षे ती भूमीच्या सेवेत राहिली. पाटी पाटी माती वाहून तिने उघड्या पडलेल्या खडकाला पुन्हा हिरवे वस्त्र नेसविले. पण ते क्षमेपोटी नव्हे. तिला एका माणसाचा सूड घ्यायचा होता.

आचऱ्यापासून पूर्वेला दोन कोस चढून गेले की धामणसड्याची वस्ती लागते. घरे उतारावर, माडांच्या आणि फणसांच्या सावलीत. आणि घरांच्या माथ्यावर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण पठार. तेथून पश्चिमेला पाहिले तर समुद्र कोयत्याच्या पात्यासारखा चकाकताना दिसे. पठारावर माती वीतभरच. पण त्या वीतभर मातीत आषाढापासून कार्तिकापर्यंत कमरेइतके गवत डोले आणि साऱ्या गावची गुरे त्यावर पोसली जात. त्या गवताला मालक नव्हता. ते सातेरीचे होते. सातेरी ही गावची देवी. वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी साक्षात भूमीच ती.

१९५२ साली त्या सड्याखाली लोखंडाची खनिजमाती सापडली. परगावचा एक ठेकेदार आला, आणि त्याच्यासाठी गावकऱ्यांचे अंगठे गोळा करून देण्याचे काम दाजी खोताने केले. खोती कायद्याने गेली होती, पण दाजीला ‘खोत’ म्हणण्याची गावाच्या जिभेची सवय गेली नव्हती. पंचायतीचा तो प्रमुख, आणि सातेरीचा पहिला मानकरी. दुष्ट म्हणावा असा तो नव्हता. त्याच्या तोंडात नेहमी पान असे आणि पानाबरोबर विनोद. कुणाच्याही दुःखावर तो अशी काही कोटी करी, की दुःख सांगायला आलेला माणूस इतरांबरोबर स्वतःच हसून परत जाई आणि घरी पोचल्यावर त्याला कळे, की आपले काम झालेच नाही.

सत्यवतीचे माहेर आंबोलीचे. घाटावरच्या त्या धो धो पावसाच्या गावातून ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक कालवड आली होती. तिच्याच वंशातली कपिली. रंगाने तांबूस, स्वभावाने मानी. सकाळी दावे सोडले की कपिली कुणी हाकण्याची वाट पाहत नसे. ओळखीच्या पायवाटेने सड्यावर जाई आणि दिवस कलताना त्याच वाटेने परते. खाण वाढत वाढत त्या वाटेपर्यंत आली, हे तिला कुणी सांगणार? १९५६ च्या भाद्रपदात, सात महिन्यांची गाभण असलेली कपिली नेहमीच्या वाटेने गेली. वाट तीच होती. वाटेचा शेवट तेवढा बदलला होता.

चाळीस हात खोल खड्ड्यात, तांबड्या चिखलात ती दुपारपर्यंत जिवंत होती. सत्यवती काठावर बसून होती. दोर आले, माणसे आली, पण उतरायला जागा नव्हती. पलीकडच्या अंगाला खाणीचे काम चालूच होते. पहारीचा आवाज थांबला नाही. सत्यवतीचा नवरा गंगाराम त्याच खाणीत मजुरीला होता. तो पहार टाकून धावत आला आणि बायकोच्या मागे उभा राहिला. कपिलीने एकदा मान वर करून पाहिले आणि मग पाहिले नाही.

त्याच महिन्यात सातेरीच्या देवळात गाव जमला. आपल्याकडे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. मानकरी देवीपुढे उभा राहून गावाचे मागणे एकेका वाक्याने मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसे एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात. तो होकार पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी इतका पडलेला, की वाक्य कानावर येताच तोंड आपोआप उघडते. मनाला विचारण्याचे काम उरत नाही. सत्यवतीने नारळ पुढे ठेवला आणि सांगितले, “माझी गाय गेली. सड्यारचा गवात गेला. देवीक इचार, ह्या कोणी भरून देवचा?”

ठेकेदाराचा माणूस देवळाच्या पायरीवर उभा होता. दाजीने त्याच्याकडे एक डोळा मिचकावून पाहिले, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाण्याच्या धीरगंभीर सुरात सुरुवात केली.

“बा देवी सातेरी म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“ह्या परबिणीचा म्हणणा असा आसा, की सड्यार परत गवात उगवाक होया म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“तर त्या खाणीतल्या दगडाक ज्या दिसा गवात फुटात, त्या दिसा ह्यो दाजी खोत आपली गुरा आणून हिच्या दारात बांधीत, आणि हातात काठी घेवन हिची राखण करीत म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

होकार गेला, घुमटावर आदळून परत आला, आणि मग लोकांच्या ध्यानात आले की ही थट्टा होती. एकच हशा उसळला. खोताने गुराखी व्हावे! दगडाला गवत फुटावे! पायरीवरचा माणूसही हसला. पहिल्या मानकऱ्याने देवीपुढे शब्द उच्चारला होता आणि साऱ्या गावाने त्याला साक्ष दिली होती, हे त्या हशात एकाच व्यक्तीच्या लक्षात राहिले. सत्यवतीने आपला नारळ उचलला नाही. ती घरी गेली आणि तिने कुदळीला नवा दांडा बसविला.

“गो, सूड घेवक लोका कोयतो घेतत,” गंगाराम म्हणाला. “तुया कुदळ घेतलंस.”

“कोयत्यान एक दिस दुखता,” ती म्हणाली. “माका तेका रोज दुखवचा आसा.”

पुढच्याच वर्षी खनिज हलके निघाले म्हणून ठेकेदाराने गाशा गुंडाळला. मागे राहिला तो एक प्रचंड खड्डा, त्यात साचलेले गंजाच्या रंगाचे पाणी, आणि भोवती टाकाऊ मुरमाचे डोंगर. भेगाळलेले, भाजलेले, पावसात ओघळून खालच्या भातशेतीत उतरणारे. सत्यवतीने ती जागा राखायला मागितली. पंचायतीत दाजी म्हणाला, “देवया तिका. दगड राखूक कोणी तरी होयोच!” आणि त्याने सही केली. मालवणच्या मामलेदार कचेरीत कारकुनाने कागद वाचून चष्मा वर केला. “बाई, येथे चराऊ कुरण करावयाचे, असे लिहिले आहे. जागा तर खाणीची दिसते.” सत्यवतीने कचेरीसाठी राखून ठेवलेली मराठी काढली. “होय साहेब. अजून खाणीची आहे.”

ज्याला तप म्हणतात, त्यात आणि वैरात बाहेरून पाहणाऱ्याला फारसा भेद दिसत नाही. दोन्हींत माणूस एकाच गोष्टीचे ध्यान धरतो. दोन्हींत अन्न, ऊन, लोकलज्जा यांची शुद्ध राहत नाही. सत्यवतीने पहिले वर्ष नुसत्या दगडांत घालविले. मुरमाच्या ढिगांना आडव्या ताली, म्हणजे दगडी बांध, घातले, म्हणजे पाणी धावत सुटू नये, पायरीपायरीने उतरावे. खड्ड्याच्या तळाचा गाळ उन्हाळ्यात वर आणून तालींच्या मागे पसरला. पण तो गाळ निःसत्त्व. त्यात बी टाकले की कोंब येई आणि पिवळा पडून मरे. मग आचऱ्याची पार्वती धावून आली. ती मासळी विकायला दारोदार फिरणारी, सत्यवतीची जुनी ओळखीची. “गो, माडाक आमी कुजकी तारली घालतव, तुझ्या दगडाक घाल मरे. दगड जरी झालो तरी तेका भूक आसताच!” रापणीच्या जाळ्याला तारली भरमसाट लागली आणि किनाऱ्यावर सडू लागली, की पार्वती पाट्याच्या पाट्या पाठवी. सत्यवती आणि गंगाराम त्या दोन कोस डोकीवरून वर वाहत. साऱ्या गावात दुर्गंधी पसरे. दाजी नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणे, “सत्यवती, देवीक तुया नारळ दिलंस, दगडाक नैवेद्य माशांचो! दगड तुझो बामण न्हय मा?”

लोक हसत. सत्यवती हसणारांची तोंडे नीट पाहून ठेवी.

गवताची मुळांसकट ठोंबे तिने माहेराहून आणली. दोन पोती भरून, ओली करून, आंबोलीच्या एसटीत घातली. कंडक्टर म्हणाला, “आये, लोक आंबोलीक हवा खावक जातत. तुया थंयसून गवात घेवन इलंस?”

“हवा खावन माझा पोट भरूचा नाय,” ती म्हणाली. “आणि ज्याका ह्या चारूचा आसा, तेचाय भरूचा नाय.”

कंडक्टरला काही कळले नाही. पण त्याने पोत्यांचे भाडे मागितले नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात ठोंबे जगली. तिसऱ्यात तालींच्या मागे हातभर गवत उभे राहिले. आणि तेथे सत्यवतीच्या हातून ती चूक झाली, जी तिच्या जागी गावातल्या कुणाही शेतकऱ्याने केली असती. कोकणातल्या माणसाचा अग्नीवर फार विश्वास. भाताची जमीन तो तोडलेल्या फांद्यांचा टाळ आणि पालापाचोळा जाळून भाजतो. सड्यावरचे वाळके गवत वैशाखात पेटवून देतो, म्हणजे पावसानंतर कोवळे लुसलुशीत फुटेल. बापजाद्यांची ती रीत. १९६० च्या वैशाखात सत्यवतीने देवीचे नाव घेऊन आपल्या तिन्ही वर्षांच्या श्रमाला काडी लावली. वीतभर मातीच्या जुन्या सड्याला जे पेलत होते, ते बोटभर मातीच्या या नव्या जमिनीला पेलणारे नव्हते. मुळे जळाली. कुजत आलेला पाला, ज्याने ती माती धरून ठेवली होती, त्याची राख झाली आणि पहिल्या वाऱ्याबरोबर समुद्राच्या दिशेने उडून गेली.

आणि त्या काळ्या भुईवर एक टिटवी ओरडत होती.

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या मुरमात चार खडे गोल मांडते आणि त्यांत खड्यांसारखीच चार ठिपकेदार अंडी घालते. तिची अंडी आता चार काळे गोळे झाली होती. सत्यवती जवळ गेली तशी ती पाखरीण तिच्या डोक्यावरून झेपावली, तोंडासमोर फडफडली, पुन्हा वर गेली आणि पुन्हा आली. ती ओरड दिवसभर चालली. दुसऱ्या दिवशीही चालली. सत्यवती पाण्याला गेली तरी तिला ऐकू येई, जेवायला बसली तरी ऐकू येई. टिटवी ओरडणे अशुभ, असे गाव मानतो. सत्यवतीला त्यात शुभाशुभ काही ऐकू आले नाही. तिला त्यात ओळखीचा आवाज ऐकू आला. खड्ड्याच्या काठावर बसून तिने जी किंकाळी गिळली होती, तीच ही.

“तिका कोणी सांगूक नाय होता, की वाट खंय संपता ती,” ती गंगारामला म्हणाली. “मी दाजी झालंय.”

गंगारामने एक जळका खडा उचलून पाहिला. मग म्हणाला, “म्हातारी माणसा म्हणत, टिटवी पण समुद्र आटयता. समुद्रान अंडी नेली, तर चोचीन पाणी काढूक लागली.”

“मग?”

“मग काय? समुद्र भियालो. कितको मोठो आसलो, तरी रोज रोज कोण आयकतलो ती किरकिर?”

सत्यवतीने त्या दिवशी टिटवीची क्षमा मागितली नाही. क्षमा या वस्तूवर तिचा विश्वासच नव्हता. तिने टिटवीचे वैर मान्य केले, आणि वैर्‍याला जे द्यायचे ते चोख द्यावे, तसे नियम घालून घेतले. आगकाडी कुंपणाच्या आत येणार नाही. जेथे टिटव्या बसतात ते मुरमाचे उघडे डाग तसेच उघडे राहतील, तेथे ठोंब लावायचे नाही. अंड्यांतून पिले निघून चालू लागेपर्यंत त्या तुकड्यात जनावर जाणार नाही, मग ते देवीचे असो की खोताचे. आणि ढिगांच्या उत्तर अंगाला करवंदीच्या जाळ्या वाढल्या होत्या, त्यांना कोयता लागणार नाही.

सृष्टीचा न्याय असा, की जे नियम तिने दंड म्हणून स्वीकारले, तेच वरदान ठरले. न जाळलेले गवत जागच्या जागी कुजले आणि त्याची माती झाली. जाळ्यांत ससे आले, लावे आले. सकाळी खड्ड्याच्या पाण्यावर भेकर येई आणि कान टवकारून उभे राही. गुरांच्या मागे बगळे आले, ते गोचिडी वेचीत. शेणकिडे शेणाच्या गोळ्या मुरमात खोल नेऊन पुरू लागले. जे सत्यवतीच्या कुदळीला दहा वर्षांत जमले नसते, ते त्या किड्यांनी दोन वर्षांत केले. १९६३ च्या पावसाळ्यानंतर एका ढिगाच्या पायथ्याला वाळवीने वारूळ उभे केले. बायका हळदकुंकू घेऊन आल्या. सातेरी परत आली होती.

एव्हाना गावाची गुरे पाळीपाळीने तेथे चरू लागली होती. दाजीची तेवढी आली नाहीत. त्याच्या खळ्यात पेंढ्याच्या उंच उडव्या होत्या. त्याला अडले नव्हते. कुणी गाऱ्हाण्याची आठवण काढली तर तो पान थुंकून म्हणे, “तेका गवात म्हणतत? कुसळा ती! माझी गुरा खायत, तेव्हा गवात.”

“देवळात चल, इचार तेका,” गंगाराम म्हणे.

“मी जावचंय नाय,” सत्यवती म्हणे. “तो येतलो.”

तिने घराच्या दारासमोर, फणसाच्या सावलीत, चौदा खुंट्या ठोकून ठेवल्या. दाजीच्या गोठ्यात चौदा गुरे होती. तीन वर्षे त्या खुंट्या रिकाम्या उभ्या होत्या. येणारेजाणारे त्यांना ठेचकाळत आणि विचारीत. ती उत्तर देत नसे. दर दिवाळीत ती त्यांना शेणाचा हात फिरवी.

१९६५ च्या कार्तिकात, भात झोडून उडव्या रचल्यावर, नऊ दिवस अवकाळी पाऊस पडला. पेंढा आतून काळा पडला, त्याला बुरशी आली, वास आला. फाल्गुनापर्यंत सारी खळी रिकामी झाली. न जाळलेल्या सड्यावर मात्र वाळके गवत उभे होते. गावाची गुरे पाळीने तेथे जगली. दाजीने घाटावरून पेंढा मागविला. तो पुरला नाही. चैत्रात त्याचा एक बैल गेला, आणि आठवड्याने एक म्हैस.

वैशाखातल्या एका दुपारी दाजी बारा गुरे घेऊन सत्यवतीच्या अंगणात उभा राहिला. गुरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. बोलण्यापूर्वी त्याने सवयीने हसून पाहिले.

“खुंटयो बऱ्यो ठोकलंस गो. दोन जास्ती झाल्यो.”

“त्या दोघांका तुया उशीर केलंस,” सत्यवती म्हणाली.

हसू उतरले. दाजीने स्वतःच्या हाताने एकेक दावे खुंटीला बांधले. त्याच्या हाताला गाठ मारण्याची सवय नव्हती, दोन वेळा ती सुटली. ओसरीवर, वईच्या कुंपणापाशी, वाटेवर माणसे जमली होती. कुणी मदतीला पुढे झाले नाही. शेवटचे दावे बांधून तो उभा राहिला.

“झाला? आता सोड तेंका वर.”

“वरच्या तुकड्यात तेवढा गवात उरला हा. तेच्या वाटेर टिटवी बसली हा. चार अंडी आसत. पिला चालूक लागल्याबिगर कोणाचाच गोरू जावचा नाय.”

“अगो, गुरा मरतत माझी! नि तुया पाखराचा सांगतंस?”

“गुरांशी माझा वैर नाय. ती हयच खातली, सावलेत.” तिने खांबाला टेकवलेला विळा त्याच्यासमोर ठेवला, आणि त्याच्याशेजारी एक काठी. “माणसाक वाट आसा. सकाळी कापूचा, डोक्यार घेवन खाली हाडूचा. दिसभर काठी घेवन टिटवीची राखण करूची. कुत्रो, कोलो, कावळो, कोण जवळ जाता नये. सांजेक परत कापूचा.”

“मी?”

“हिची राखण करीन, म्हणलंस. देवीपुढे म्हणलंस. हंय बऱ्याच जणांनी आयकला हा.” तिने वईकडे पाहिले आणि आवाज न चढविता विचारले, “काय रे? आयकला मा?”

मग मागून एका म्हाताऱ्याच्या तोंडून, जुन्या सवयीने, शब्द निघून गेले: “होय म्हाराजा.” आणि एकदा एकाचे तोंड उघडल्यावर बाकीची आपोआप उघडली.

दाजीने विळा उचलला.

चोवीस दिवस धामणसड्याने ते दृश्य पाहिले. सकाळी खोत डोईवर गवताचा भारा घेऊन वाडीतून खाली येई. गवताच्या काड्या त्याच्या मिशीत अडकलेल्या असत. मग तो परत वर जाई आणि मुरमाच्या डागापासून दहा हातांवर, उन्हात, काठी घेऊन बसे. सावलीला झाड नव्हते. जे होते ते खाणीत गेले होते. टिटवीला हा राखणदार आहे हे कोण सांगणार? ती त्याच्या डोक्यावर झेपावे, कानाशी किंचाळे, पागोटे पाडी. पोरीबाळी मुद्दाम त्या बाजूने पाण्याला जात. “दाजीनू, अंडी बरी आसत मा?” त्याच्याच सुरात, त्याच्याच पद्धतीने त्या विचारीत. पहिले काही दिवस तो उत्तराला विनोद शोधी. पुढे शोधीना.

सत्यवती रोज दुपारी वर जाई. बोलायला नव्हे, पाहायला. खड्ड्याच्या काठावर, जेथे ती दहा वर्षांपूर्वी बसली होती त्याच दगडावर बसून ती उन्हातल्या दाजीला पोटभर पाही, आणि मग घरी जाऊन जेवी. तिला ते जेवण गोड लागे, हे लपविण्याचे कारण नाही.

एका दुपारी दाजीने हाक मारली. “सत्यवती, हय ये. बघ.” टिटवी खड्ड्याच्या पाण्यात उतरली होती. पोटाची पिसे भिजवून ती धावत परत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली; तापलेल्या मुरमात ती भाजू नयेत म्हणून. “दिसातसून इस फेरे घालता गो,” दाजी म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. “मी मोजलंय.”

“माझी कपिली त्याच पाण्यात गेली,” सत्यवती म्हणाली. “ता तुया मोजूक नाय होतस.”

तो काठी घेऊन पुन्हा आपल्या जागी उन्हात बसला.

चोविसाव्या दिवशी पिले निघाली. कापसाच्या गोळ्यांसारखी चार पिले आईच्या मागोमाग तुरुतुरु गवतात शिरली. दाजी जवळजवळ धावतच खाली आला. उन्हाने त्याचा चेहरा जांभ्यासारखा झाला होता. “चारच्या चार! एक पण गेला नाय!” मग त्याला आपण कुणापुढे उभे आहोत ते आठवले. काठी त्याने ओसरीला टेकवली. “फिटला मा आता? मनातसून काढून टाक गो.”

“गुरा वर ने,” सत्यवती म्हणाली. “गवात सगळ्यांचा आसा. काठी ठेव नको. घेवन जा.”

“कित्याक?”

“राखण करीन म्हणलंस. किती दिस, ता तुया म्हणूक नाय. पुढच्या वैशाखात ये.”

आणि तो आला. बोलावणे गेले नव्हते, तरी पुढच्या वैशाखात आला. न यावे असे त्याला वाटलेही असेल, पण वाडीतून जाताना प्रत्येक दारातून कुणीतरी विचारी, “दाजीनू, काठी खंय?” पुढे तो जिवंत होता तोवर दर वर्षी आला. गुडघे दुखू लागल्यावर बसायला पाट घेऊन आला. सत्यवतीने त्याला कधी सावली दिली नाही आणि पाण्याचा तांब्या कधी चुकविला नाही.

परगावची माणसे ते कुरण पाहायला येऊ लागली. खाणीच्या मुरमावर गुरे चरताहेत, करवंदीत लावे बोलताहेत, पाण्यावर भेकर उतरते आहे, हे पाहून ती थक्क होत. त्याहून थक्क होत ती एका गोष्टीने. दर चैत्रात ही म्हातारी फाटकाजवळचा मुरमाचा एक डाग स्वतः खुरप्याने साफ करी. इतकी कुरणवेडी बाई; पण तेथे उगवलेली गवताची प्रत्येक काडी ती उपटून काढी, खडे निवडून पसरी, म्हणजे टिटवीला अंडी घालायला तीच जागा आवडावी. केवढी ही भूतदया, असे म्हणून लोक हात जोडीत.

तो डाग उघड्या उन्हात होता, आणि साऱ्या वाडीला दिसेल असा होता. दाजीला तेथेच काठी घेऊन बसावे लागावे म्हणून तिने तो निवडला होता, हे फक्त गंगारामला ठाऊक होते. एका चैत्रात तिच्या शेजारी उकिडवे बसून, खडे निवडता निवडता त्याने विचारले, “गो, तुका टिटवीचा पुण्य लागतला, काय सुडाचा पाप?”

सत्यवतीने हातातला खडा नीट जागेवर बसविला. दुरून टिटवीचा आवाज आला. ती आली होती.

“दोनय लागांदेत,” ती म्हणाली. “गवात वाढता मा?”